शांतिसेनेच्या छावणीतून नदीत उतरलेला कॉलरा

ऑक्टोबर २०१०पर्यंत हैतीतल्या डॉक्टरांनी आपल्या देशात कॉलऱ्याचा रुग्ण पाहिलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या आसपासच्या बेटांवर या रोगाने थैमान घातले, पण हैतीत तो शिरल्याची ठोस नोंद सापडत नाही. जानेवारी २०१०मध्ये भूकंपाने राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स जमीनदोस्त केली, दोन लाखांहून अधिक माणसे दगावली, लाखो लोक ताडपत्रीखाली राहायला आले. त्या गर्दीत, घाणीत आता कोणकोणत्या साथी येतील याचा हिशेब तज्ज्ञांनी मांडला, तेव्हाही कॉलऱ्याची शक्यता फारच कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे मत होते. कारण साधे होते. साथ यायची तर आधी जिवाणू यायला हवा, आणि तो तिथे नव्हता.

नऊ महिन्यांनी तो आला. पुढच्या नऊ वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि नोंदीनुसार जवळपास दहा हजार मरण पावले. दुर्गम खेड्यांतले कित्येक मृत्यू नोंदवलेच गेले नाहीत, त्यामुळे खरा आकडा मोठा असावा असे अनेक अभ्यासक मानतात. आणि हा जिवाणू आणला तो देशात शांतता राखायला आलेल्यांनीच.

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना हैतीत २००४पासून होती. राष्ट्राध्यक्ष अरिस्टिड यांची सत्ता गेल्यावर सशस्त्र टोळ्यांनी देश वेठीला धरला होता. त्यासाठी उभारलेल्या या मोहिमेचे फ्रेंच आद्याक्षरांवरून बनलेले नाव ‘मिनुस्ता’. या मोहिमेनेही भूकंपात मोठी किंमत मोजली. संयुक्त राष्ट्रांचे १०२ कर्मचारी त्या दिवशी मेले, त्यांत मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबीही होते. त्यानंतर सैनिकांची संख्या आणखी वाढवण्यात आली. ठरावीक काळाने एका देशाची तुकडी परत जायची आणि तिच्या जागी नवी यायची. ऑक्टोबर २०१०च्या दुसऱ्या आठवड्यापासून नेपाळची नवी तुकडी अशीच टप्प्याटप्प्याने दाखल होऊ लागली. तिच्यातल्या काही जणांचा मुक्काम राजधानीच्या ईशान्येला, डोंगराळ भागातल्या मीरबाले गावाजवळच्या मेये येथील छावणीत होता. छावणीला लागून एक ओढा वाहतो. तो पुढे आर्तिबोनीत या हैतीच्या सर्वांत मोठ्या नदीला जाऊन मिळतो.

त्याच वर्षी पावसाळ्यात नेपाळमध्ये कॉलऱ्याची साथ होती. सैनिकांची काठमांडूत वैद्यकीय तपासणी झाली होती, पण तपासणीनंतर निघण्यापूर्वी त्यांना दहा दिवस घरी जाऊन यायची सुट्टी मिळाली. शिवाय शौचाची चाचणी फक्त लक्षणे असणाऱ्यांचीच करायची, असा नियम होता. हा नियम कागदावर शहाणपणाचा वाटतो. कॉलऱ्याच्या बाबतीत तो जवळपास निरुपयोगी ठरतो.

का, ते समजण्यासाठी या रोगाची चाल पाहायला हवी. आपल्याकडे या रोगाला पटकी म्हणत. धडधाकट माणूस सकाळी शेतावर जायचा आणि संध्याकाळी जायचा, इतका तो पटकन नेणारा. गावोगावच्या वेशीवर मरीआईची ठाणी आहेत ती याच भीतीची. रोग घडवणारा व्हिब्रिओ कॉलरी हा स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. जठरातल्या आम्लात त्यातले बहुतेक मरतात. उरलेले लहान आतड्याला चिकटतात आणि एक विष सोडतात. हे विष आतड्याच्या पेशींतली क्षार बाहेर टाकणारी यंत्रणा कायमची ‘चालू’ करून ठेवते. क्षारांमागोमाग पाणी जाते. तांदळाच्या पेजेसारखे, जवळपास वास नसलेले जुलाब सुरू होतात. बळावलेल्या आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर पडू शकते. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच राहते, नाडी लागत नाही. वेळेत पाणी आणि क्षार भरून निघाले नाहीत, तर माणूस काही तासांत जातो.

पण हे सगळे होते ते थोड्यांच्या वाट्याला. जिवाणू पोटात गेलेल्या बहुसंख्य लोकांना काहीच होत नाही, किंवा दोन दिवस पोट बिघडल्यासारखे वाटते. तरीही त्यांच्या शौचातून जिवाणू काही दिवस बाहेर पडत राहतात. म्हणजे ज्याला काहीही झालेले नाही असा ठणठणीत तरुण रोग घेऊन विमानात बसू शकतो, आणि ‘लक्षणे असतील त्याचीच चाचणी’ या जाळ्यातून तो सहज निसटतो. अशा वेळी सारी भिस्त एकाच गोष्टीवर राहते. त्याने जिथे मुक्काम केला तिथल्या संडासाचे पाणी कुठे जाते?

मेयेच्या छावणीत या प्रश्नाचे उत्तर वाईट होते. नंतर तिथे गेलेल्या तपास पथकाला शौचालये आणि न्हाणीघरांच्या भागात नळ्या कशाबशा जोडलेल्या आढळल्या. संडासातला मैला टाक्यांत साठायचा. कंत्राटदार तो गाडीतून उपसून नेऊन छावणीजवळच टेकाडावर खणलेल्या उघड्या खड्ड्यात ओतायचा. आसपासच्या इतर छावण्यांचा मैलाही तिथेच येई. खड्ड्याला ना झाकण होते, ना कुंपण. जोराचा पाऊस झाला की त्यातले पाणी ओढ्याकडे वाहून जाण्याची भीती होती. त्या ओढ्याच्या काठचे लोक त्यातच अंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. पोरे त्यात डुंबत. मैलापाण्याचे कंत्राट देऊन टाकले की आपली जबाबदारी संपली, असा समज मोठमोठ्या कार्यालयांत असतो. आपल्या नगरपालिकांचा अनुभव असलेल्या वाचकांना हे अनोळखी वाटणार नाही.

नंतरच्या शोधात सापडलेला सर्वांत आधीचा संभाव्य रुग्ण मीरबालेचा एक मनोरुग्ण तरुण होता. घरचे लोक स्वच्छ पाणी प्यायचे, हा मात्र नदीत अंघोळ करायचा आणि नदीचेच पाणी प्यायचा. १२ ऑक्टोबरला त्याला जुलाब लागले आणि चोवीस तासांच्या आत तो गेला. त्यानंतरच्या आठवड्यात त्या भागात काम करणाऱ्या क्यूबाच्या वैद्यकीय पथकाकडे जुलाबाने गळून गेलेले रुग्ण येऊ लागले. मग २० ऑक्टोबरला नदीच्या मुखाजवळच्या सेंट मार्क शहरातल्या इस्पितळात रुग्णांचा लोंढा आला. त्या एका दिवसात चारशेच्या वर, म्हणजे दर चार मिनिटांना एकाहून जास्त. त्यातले ४४ जण दगावले. डॉक्टरांनी हा आजार प्रत्यक्षात कधी पाहिलेला नव्हता, आणि लोकांच्या शरीरात त्याविरुद्ध कसलीही प्रतिकारशक्ती नव्हती. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय प्रयोगशाळेने निदान पक्के केले.

कॉलरा आला कुठून, हा प्रश्न लगेच विचारला गेला. मीरबालेतल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात छावणीकडे बोट दाखवले. वार्ताहर तिथे पोहोचले, त्यांना दुर्गंधी आणि फुटक्या नळ्या दिसल्या. संयुक्त राष्ट्रांनी आरोप फेटाळला. जागतिक आरोग्य संघटनेसह अनेकांची भूमिका अशी होती की, उगम शोधणे आत्ता महत्त्वाचे नाही, आधी जीव वाचवू. वरवर पाहता यात काही चूक नाही. जलसंजीवनी पाजायला उगम माहीत असावा लागत नाही. साखर, मीठ आणि स्वच्छ पाण्याचे ते साधे मिश्रण बहुतेकांचा जीव वाचवते. १९७१मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर तेच वापरून मृत्यूंचे प्रमाण कितीतरी खाली आणले होते. आजही वेळेत उपचार मिळाले तर शंभरात एकही रुग्ण दगावू नये, असे मानले जाते.

तरीही ‘उगम नंतर पाहू’ हे म्हणणे मला पटत नाही. गळका नळ बंद न करता लादी पुसत बसण्यासारखे ते आहे. मैल्याचा खड्डा त्या आठवड्यातही तिथेच होता. शिवाय साथरोगशास्त्राचा जन्मच मुळी या प्रश्नातून झाला. १८५४मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर जॉन स्नो यांनी एका पंपापर्यंत माग काढला नसता, तर पाण्यातून कॉलरा पसरतो हे मान्य व्हायला आणखी किती वर्षे लागली असती? उगम शोधणे म्हणजे कोणाला तरी फासावर लटकवणे नव्हे. पण ज्याला आपल्यावर बोट येण्याची भीती असते त्याला या दोन्ही गोष्टी एकच वाटतात.

अखेर हैती सरकारने फ्रान्सच्या मदतीने एका माणसाला बोलावले. मार्सेयचे साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू आफ्रिकेतल्या कॉलऱ्याच्या साथींचा अभ्यास केलेले. नोव्हेंबरमध्ये ते आले आणि त्यांनी स्नोंचीच जुनी पद्धत वापरली. कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, किती रुग्ण, हे सगळे त्यांनी नकाशावर मांडले. क्यूबाच्या पथकाच्या रोजच्या नोंदी इथे अमोल ठरल्या. नकाशाने जे दाखवले ते साधे होते. साथ मेयेजवळ सुरू झाली आणि नदीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरली. पहिल्या दिवसांत राजधानीतल्या भूकंपग्रस्तांच्या वस्त्या, जिथे सगळ्यांनी साथीची भीती धरली होती, कोरड्या होत्या. नदीच्या मुखाजवळ भातशेतीचा मोठा पट्टा आहे आणि तिथे कालव्याचे पाणी शेतमजूर पितात. त्या पट्ट्यातल्या अनेक गावांत एकाच वेळी स्फोट झाल्यासारखे रुग्ण वाढले. माणसाकडून माणसाकडे पसरणारी साथ अशी एकदम उसळत नाही. मोठ्या प्रमाणात जिवाणू नदीत गेले आणि पाण्याबरोबर खाली आले, असाच त्याचा अर्थ निघत होता.

या निष्कर्षाला विरोध करणारे काही अडाणी नव्हते. अमेरिकेच्या ख्यातनाम सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवून दिले आहे की, कॉलऱ्याचा जिवाणू माणसाशिवायही जगतो. समुद्रकाठच्या मचूळ पाण्यात, सूक्ष्म प्लवकांच्या अंगावर तो वर्षानुवर्षे राहतो आणि पाणी तापले की वाढतो. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर हे खरे आहे. मग हैतीच्या किनाऱ्यावरही जिवाणू आधीपासूनच असेल, आणि भूकंप व उष्ण हवेने तो उफाळला असेल, तर? प्रश्न रास्त होता. पण या तर्काने साथ किनाऱ्यावर सुरू व्हायला हवी होती. ती सुरू झाली डोंगरात, आणि वरून खाली आली.

शेवटचा निकाल जनुकांनी दिला. आधी हार्वर्डशी संबंधित गटाने दाखवले की, हैतीतला जिवाणू दक्षिण अमेरिकेतल्या जिवाणूंपेक्षा दक्षिण आशियातल्या जिवाणूंना कितीतरी जवळचा आहे. पण दक्षिण आशिया केवढा मोठा! २०११च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्क, नेपाळ आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पुढचे पाऊल टाकले. २०१०च्या साथीत नेपाळमध्ये गोळा केलेल्या २४ नमुन्यांची संपूर्ण जनुकीय मांडणी त्यांनी वाचली आणि हैतीतल्या नमुन्यांशेजारी ठेवली. या जिवाणूच्या जनुकीय मजकुरात सुमारे ४० लाख अक्षरे असतात. नेपाळचे तीन नमुने हैतीच्या नमुन्यांपेक्षा वेगळे होते ते अवघ्या एका-दोन अक्षरांनी. यात एक गोष्ट विसरू नये. हे नमुने नेपाळच्या शासकीय प्रयोगशाळेनेच दिले होते. आपल्या देशावर आळ येईल हे ठाऊक असूनही तिथल्या शास्त्रज्ञांनी ते दाबून ठेवले नाहीत.

दरम्यान, महासचिव बान की-मून यांनी चार तज्ज्ञांची स्वतंत्र समिती नेमली होती. तीत कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. जी. बालकृष नायर हे भारतीय शास्त्रज्ञही होते. मे २०११मधला त्यांचा अहवाल वाचण्यासारखा आहे, कारण त्यात विज्ञान आणि मुत्सद्देगिरी यांची ओढाताण पानापानावर दिसते. जिवाणू बाहेरून आला, माणसांच्या मैल्यातून ओढ्यात गेला, छावणीची मैलाव्यवस्था सदोष होती, हे सगळे त्यात आहे. पण निष्कर्षात लिहिले गेले की, साथ अनेक परिस्थिती जुळून आल्याने पसरली आणि ती कोणा एका व्यक्तीची किंवा गटाची चूक नाही. संयुक्त राष्ट्रांनी नेमके हेच वाक्य पुढची काही वर्षे ढालीसारखे वापरले. २०१३मध्ये, जनुकीय पुरावा हाती आल्यानंतर, याच चौघांनी वेगळा लेख लिहून सांगितले की, शांतिसैनिकांबरोबर जिवाणू आला असण्याचीच शक्यता सर्वांत अधिक आहे. ते तेव्हा समितीचे सदस्य नव्हते, म्हणून बहुधा लेखणी मोकळी झाली असावी.

हैतीत तोपर्यंत संशयाने आपले काम केले होते. नोव्हेंबर २०१०मध्येच उत्तरेकडच्या काप-हैसियन शहरात लोक रस्त्यावर उतरले, शांतिसेनेशी चकमकी झाल्या, रस्ते अडवले गेले आणि औषधे, जलसंजीवनी पोहोचवणे मुश्कील झाले. खरे सांगायचे टाळले की लोक शांत राहतात, हा हिशेब तिथे साफ चुकला. राग काही काळ सामान्य नेपाळी सैनिकांवरही निघाला. ज्या पोरांना आपल्या पोटात काय आहे हे ठाऊकच नव्हते, त्यांना दोष कसला द्यायचा? संडासाचा आराखडा त्यांनी काढला नव्हता आणि कंत्राटदारही त्यांनी नेमला नव्हता.

नोव्हेंबर २०११मध्ये सुमारे पाच हजार पीडितांच्या वतीने भरपाईचा दावा दाखल झाला. संयुक्त राष्ट्रांनी फेब्रुवारी २०१३मध्ये तो ‘स्वीकारण्याजोगा नाही’ म्हणून परत केला. पीडित न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. तिथे १९४६च्या करारातले कवच आड आले. त्या करारानुसार संयुक्त राष्ट्रांना कोणत्याही देशाच्या न्यायालयात खेचता येत नाही. ऑगस्ट २०१६मध्ये अपिलातही तेच झाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचेच मानवाधिकारविषयक विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन यांनी या भूमिकेवर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. १ डिसेंबर २०१६ रोजी बान की-मून यांनी आमसभेत हैतीच्या जनतेची माफी मागितली, त्यातला काही भाग त्यांच्या क्रेओल भाषेत. साथीबाबत आणि तिच्या प्रसाराबाबत आपण पुरेसे केले नाही, असे ते म्हणाले. जिवाणू कोणी आणला, याबद्दल थेट वाक्य त्यात नव्हते. सोबत ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. देणग्या ऐच्छिक होत्या, त्यामुळे त्यातला अगदी लहान हिस्साच जमला.

या साऱ्या खर्चाशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. सैनिकांना निघण्यापूर्वी प्रतिजैविकांचा छोटा डोस द्यायचा, किंवा लक्षणे असोत-नसोत सगळ्यांचीच चाचणी करायची, आणि छावणीचा मैला छावणीतच प्रक्रिया करून निर्जंतुक करायचा, अशा शिफारशी समितीने २०११मध्येच केल्या होत्या. नंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिती प्रारूपे मांडून दाखवले की, यातल्या गोळ्यांचा खर्च माणशी फार किरकोळ आहे आणि त्याने रोग नेला जाण्याची शक्यता बरीच घटते. प्रतिजैविके सरसकट वाटण्याला आक्षेप आहेत आणि ते योग्यही आहेत. औषधांना दाद न देणारे जिवाणू त्यातून वाढू शकतात. मला विचाराल तर खरा उपाय तिसराच, मैल्याचा. गोळी एका तुकडीला एकदा वाचवते. नीट बांधलेला संडास कॉलरा, टायफॉइड, कावीळ असे सगळेच अडवतो आणि त्यासाठी कोणाच्या पोटात काय आहे हे आधी कळण्याची गरज नसते. शांतिसेनेला सर्वाधिक सैनिक पुरवणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे आणि आपल्याकडेही कॉलरा अधूनमधून डोके वर काढतोच. तेव्हा हा केवळ नेपाळचा प्रश्न नाही.

‘मिनुस्ता’ मोहीम ऑक्टोबर २०१७मध्ये संपली. २०१९च्या सुरुवातीला हैतीत कॉलऱ्याचा शेवटचा रुग्ण नोंदवला गेला. तीन वर्षे एकही नाही. देश कॉलरामुक्त जाहीर होण्याच्या उंबरठ्यावर होता. मग २०२२च्या सप्टेंबरमध्ये टोळ्यांनी राजधानीतले मुख्य इंधन केंद्र रोखून धरले. डिझेल नाही म्हणून पंप बंद, पाणी नाही, इस्पितळे अंधारात. २ ऑक्टोबरला कॉलऱ्याचे नवे रुग्ण सापडले. जनुकीय तपासणीत हा जिवाणू २०१०मध्ये आलेल्या वाणाचाच वंशज निघाला. मधली वर्षे तो पाण्यात दडून होता की लक्षणांविना माणसांत फिरत होता, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. म्हणजे किनाऱ्यावरच्या पाण्यात जिवाणू टिकून राहतो हा कॉलवेल यांचा मुद्दा उगमाच्या बाबतीत चुकला असला, तरी मुक्कामाच्या बाबतीत कदाचित खरा ठरेल.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३मध्ये, टोळ्यांना आवर घालण्यासाठी हैतीत पुन्हा आंतरराष्ट्रीय पथक पाठवायला सुरक्षा परिषदेने मंजुरी दिली. या वेळी नेतृत्व केनियाकडे होते आणि जून २०२४मध्ये त्यांचे पहिले पोलीस पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या विमानतळावर उतरले. मंजुरीच्या त्या ठरावात अधिकार, मुदत, मानवी हक्क अशा नेहमीच्या कलमांबरोबर एक कलम सांडपाण्याचे आहे. पथकाने आपल्या मैलापाण्याची योग्य व्यवस्था लावावी आणि कॉलऱ्यासारखे पाण्यातून पसरणारे रोग देशात येणार वा पसरणार नाहीत याची काळजी घ्यावी, असे त्यात लिहिले आहे.